भिक्षापात्र, श्वान आणि फुकटाची सेवा

कोणतेही साधन मनुष्याला काही देते, तेव्हा ते त्याच्याकडून काही घेतेही. बैल शेतकऱ्याचा नांगर ओढतो आणि त्याच्या वैरणीची चिंता शेतकऱ्याच्या माथी येते. दिवा उजेड देतो आणि तेल घेतो. हा देण्याघेण्याचा व्यवहार उघड असेल तर त्यात दोष नाही. घेणे दृष्टीआड राहिले म्हणजे मात्र दोष उत्पन्न होतो. कारण ज्याची किंमत दिसत नाही त्याचे माप मनुष्य ठेवीत नाही. सांप्रत घरोघरी मोबाइलच्या रूपाने जी साधने आली आहेत, त्यांचे देणे डोळ्यांसमोर असते आणि घेणे पडद्याआड चालते. त्या घेण्याचा शांतपणे विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी कावेरीच्या खोऱ्यातील तिरुविडैमरुदूर या क्षेत्राची एक जुनी कथा फार उपयोगी पडते.

क्षेत्र आणि कथा

कुंभकोणहून मयिलाडुदुरैकडे जाणाऱ्या मार्गावर तिरुविडैमरुदूर आहे. येथील महालिंगस्वामींचे देवालय मध्यार्जुन या नावानेही प्रसिद्ध आहे. तमिळ भाषेत ‘मरुदु’ म्हणजे अर्जुनवृक्ष; त्यावरूनच ही दोन्ही नावे पडली. मराठी वाचकास हे स्थान अगदीच परके नाही. तंजावरचे भोसले राजे अमरसिंह १७९८ साली पदच्युत झाल्यावर येथेच येऊन राहिले. त्याच घराण्याशी संबंध असलेल्या एका स्त्रीने विवाहाचा नवस फळास आल्यावर या देवालयात लक्ष दीप लावले, आणि हाती दीप घेतलेली स्वतःची मूर्ती देवापुढे उभी केली. या दीपलक्ष्मीवरील लेख १८५३ सालचा आहे.

या देवालयाच्या दोन दारांशी दोन विरक्तांची कथा जोडलेली आहे. पट्टिनत्तार हे कावेरीपूमपट्टणम् येथील धनाढ्य व्यापारी. समुद्रापलीकडे त्यांचा व्यापार चाले. त्यांच्या घरी वाढलेला मुलगा एके दिवशी एक पेटी ठेवून नाहीसा झाला. पेटीत नेढे नसलेली एक सुई होती आणि सोबत ताडपत्र होते. असली निरुपयोगी सुईसुद्धा शेवटच्या वाटेवर बरोबर येत नाही, असा त्यातील आशय. व्यापाऱ्याने त्याच क्षणी सर्व सोडले. पुढे भद्रगिरी नावाचा राजा राज्य टाकून त्यांचा शिष्य झाला. काही कथा त्याला उज्जयिनीचा भर्तृहरी मानतात. नवनाथांच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला हे नाव जवळचेच वाटेल.

गुरू देवालयाच्या पूर्वद्वारी बसत आणि शिष्य पश्चिमद्वारी. शिष्य भिक्षा मागून आणी, गुरूंना अर्पण करी, मग स्वतः खाई आणि पात्रात उरे ते एका कुत्र्याला घाली. एके दिवशी परमेश्वर भिक्षुकाच्या वेषाने पूर्वद्वारी आला आणि त्याने अन्न मागितले. पट्टिनत्तार म्हणाले, “मजपाशी काही नाही. पश्चिमद्वारी एक संसारी बसला आहे, त्याजकडे जा.” भिक्षुकाने जाऊन तसे सांगताच, राज्य सोडून आलेल्या त्या शिष्याला ‘संसारी’ हा शब्द झोंबला. हे खापराचे पात्र आणि हे कुत्रे यांनीच आपल्याला संसारी केले, असे म्हणून त्याने पात्र भिरकावले. ते कुत्र्याच्या मस्तकावर आदळले. पात्र फुटले आणि कुत्रे मेले.

वैराग्याचा उपदेश करताना ही कथा बहुधा येथवर सांगून थांबतात. परंतु तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली, पात्र, म्हणजे साधन. दुसरी, पात्रातील उरल्यासुरल्यावर जगणारे कुत्रे. तिसरी, रागाने फेकलेले पात्र आणि त्याने घेतलेला निरपराध जीव. या तिन्हींचा क्रमाने विचार केला असता आजच्या डिजिटल व्यवहारातील ओढाताण स्पष्ट होते.

पात्र

भद्रगिरीचे पात्र वाईट नव्हते. त्यावाचून भिक्षा कशात घ्यावी, आणि गुरूंना काय द्यावे? तीच गोष्ट मोबाइलची. परगावी असलेल्या मुलाचा आवाज आईला ऐकू येतो. आजाऱ्याला रक्त हवे असल्याचा निरोप घटकाभरात गावभर जातो. तंजावर भागातील मराठी कुटुंबे आज तमिळनाडूत आणि बाहेर विखुरलेली आहेत; अशा लहान भाषिक समूहाला परस्परांशी आपल्या बोलीत बोलण्यास हे साधन किती उपकारक आहे, हे सांगावयास नको. भारतात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, तिच्या पाठोपाठ इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले, आणि पूर्वी शहरातील थोड्यांपुरते असलेले हे साधन खेड्यांतील सामान्य घरांपर्यंत पोचले. ज्ञानाचे आणि संपर्काचे दार ज्यांना बंद होते त्यांना ते उघडले. हे न मानणे कृतघ्नपणा होईल.

उष्टे आणि त्यावर जगणारा

परंतु पात्र आले की त्यात काही उरते, आणि उरले की त्यासाठी कोणीतरी येऊन बसते. मनुष्य मोबाइलवर काही शोधतो, एका चित्रावर थांबतो, दुसरे सोडून पुढे जातो, रात्री अमुक वाजता जागा असतो, अमुक ठिकाणी फिरतो. या प्रत्येक कृतीचे मागे काही उरते. करणाऱ्याला त्याचा उपयोग नसल्यामुळे तो त्याकडे पाहतही नाही. मात्र अशा कोट्यवधी कणांची रास केली म्हणजे त्या मनुष्याची आवड, भीती, गरज आणि दुबळेपणा यांचे चित्र तयार होते. जाहिरातीचा आजचा व्यवसाय या उष्ट्यावर पोसला गेला आहे.

संगणकाच्या जाळ्यावर पट्टीच्या आकाराच्या जाहिराती १९९४ साली दिसू लागल्या. त्या वर्तमानपत्रातील जाहिरातींसारख्याच होत्या; सर्वांना सारख्या दिसत. पुढे हे पालटले. आता पान उघडल्यापासून डोळ्यांना दिसेपर्यंतच्या क्षणार्धात, या विशिष्ट मनुष्यापुढे कोणाची जाहिरात ठेवावी याचा आपोआप लिलाव होतो, आणि जो ती बोली जिंकतो त्याची वस्तू तेथे झळकते. पूर्वी मनुष्य जाहिरात वाचीत असे. आता जाहिरात आधी मनुष्याला वाचते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठ्या कंपन्या प्रत्येकाची माहिती उचलून बाजारात विकतात, असे सरसकट म्हणणे यथार्थ नाही. ती माहिती स्वतःपाशी राखण्यातच त्यांचा लाभ असतो. त्या विकतात ती अमुक स्वभावाच्या मनुष्याच्या दृष्टीसमोर जाण्याची संधी. तथापि जेथे एवढी रास साठते तेथून ती सांडण्याचे भयही असतेच. एका प्रश्नावलीच्या निमित्ताने फेसबुकवरील ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेल्याचे २०१८ साली उघडकीस आले.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार सांगताना, परतफेडीच्या आशेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. ‘फुकट’ या शब्दाने दिलेली सेवा या कसोटीवर घासून पाहावी. ती सात्त्विक दान नाही, हे उघड आहे. पण चोरीही नाही. तो एक व्यापार आहे, आणि व्यापाराचा एकच धर्म असा की किंमत आधी सांगावी. किंमत कळल्यावर ती द्यावी की न द्यावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. येथील अडचण अशी की किंमत पैशांत नसून लक्षात मोजली जाते, आणि लक्ष खर्च झाल्याचे खर्च होताना कळत नाही.

निर्मळ हेतूही येथे कसा वाकतो, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. गूगलच्या दोन्ही संस्थापकांनी १९९८ साली आपल्या शोधयंत्राविषयी जो प्रबंध लिहिला, त्यात जाहिरातीच्या पैशावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल, अशी शंका स्वतःच नोंदविली होती. दोनच वर्षांनी, २००० साली, त्याच कंपनीने जाहिरातींची योजना सुरू केली आणि पुढे तोच तिचा मुख्य आधार झाला. व्हॉट्सअॅपची कथाही अशीच बोलकी आहे. २००९ साली निघालेल्या या सेवेच्या संस्थापकांचा जाहिरातीला उघड विरोध होता, आणि २०१२ साली त्यांनी तो लेख लिहून जाहीर केला होता. त्या काळी अनेकांकडून वर्षाला सुमारे १ डॉलर घेण्याची त्यांची रीत होती. २०१४ साली फेसबुकने ती कंपनी सुमारे १९ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरविले. २०१६ च्या जानेवारीत ते वार्षिक शुल्क बंद झाले आणि वापरणाऱ्यांना आनंद वाटला. पुढे दोघेही संस्थापक कंपनीतून बाहेर पडले. जून २०२५ मध्ये त्या सेवेच्या एका भागात जाहिराती येणार असल्याची घोषणा झाली. खाजगी संभाषणे अद्याप जाहिरातींपासून मोकळी आहेत, हे सांगणे न्यायाचे होईल. पण शिकण्यासारखी गोष्ट अशी की, उघड दिलेला १ डॉलर गेला तेव्हाच त्या जागी दुसरे काहीतरी येणार हे ठरल्यासारखे झाले. पात्रात कोणी नाणे टाकीत नसेल, तर ज्याला उष्टे हवे तोच त्या पात्राचा पालक होतो.

बाहेरचे दार

हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ सालीच दाखवून दिले होते की, माहितीची समृद्धी झाली म्हणजे लक्षाचे दारिद्र्य येते. कारण माहिती लक्ष खाते. जेथे लक्ष हेच धन आहे, तेथे ते धरून ठेवण्याच्या युक्त्या निघणे स्वाभाविक होते. २००६ साली अॅझा रॅस्किन याने पान खाली ओढताना न संपणाऱ्या मजकुराची योजना केली. पूर्वी पान संपे, पुढील पानासाठी बोट उचलावे लागे, आणि त्या अल्प विरामात मनुष्य ‘आता पुरे’ म्हणू शके. तो विराम या योजनेने काढून घेतला. पुढे त्या योजनाकारानेच याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. २००९ साली फेसबुकवर पसंतीचा अंगठा आला, आणि दुसऱ्याने आपल्याला किती मानले याचा आकडा प्रत्येकाच्या नजरेपुढे राहू लागला.

तिरुविडैमरुदूरच्या देवालयात एक जुनी प्रथा सांगतात. पूर्वद्वाराने आत गेलेल्या भक्ताने त्याच दाराने परत येऊ नये. दुसऱ्या दाराने बाहेर पडावे. वरगुण पांड्य राजाच्या मागे लागलेले ब्रह्महत्येचे पातक पूर्वद्वारी त्याची वाट पाहत थांबले आणि राजा दुसऱ्या दाराने निघून मुक्त झाला, अशी त्यामागची कथा आहे. कथेचे तात्पर्य कोणी कसेही घेवो. येथे आत शिरण्यापूर्वीच बाहेर पडण्याचे दार ठरलेले असते, एवढे लक्षात घेण्यासारखे आहे. न संपणाऱ्या मजकुराच्या घरात बाहेर पडण्याचे दार बांधणाऱ्यानेच बुजविले आहे. म्हणून ते आत जाणाऱ्याने स्वतः ठरवून जावे लागते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतच्या पायऱ्या सांगितल्या आहेत: चिंतनाने संग, संगाने काम, कामाने क्रोध, आणि तेथून पुढे मोह व स्मृतिभ्रंश. तेथेच, इंद्रियांमागे धावणारे मन वाऱ्याने ओढलेल्या नावेप्रमाणे बुद्धीला वाहून नेते, असे म्हटले आहे. येथे लक्ष देण्यासारखे असे की पहिली पायरी उपभोगाची नसून केवळ चिंतनाची आहे. एखादी वस्तू मनुष्याने विकत घेतली नाही तरी ती दहा वेळा डोळ्यांपुढे आल्याने चिंतन घडते, आणि जाहिरातदाराला आरंभी तेवढेच पुरेसे असते. तसेच रागाचे. ज्या मजकुराने मनुष्य चिडतो त्यावर तो अधिक थांबतो, उत्तर देतो, दुसऱ्याला पाठवितो. म्हणून थांबण्याचे माप ठेवणाऱ्या यंत्राला राग हाही मालच वाटतो. २०१२ साली फेसबुकने ६,८९,००३ जणांच्या पानावरील आनंदाचा अथवा दुःखाचा मजकूर कमीअधिक करून त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो हे पाहिले. तो प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. परिणाम फार सूक्ष्म होता. परंतु ज्यांच्यावर प्रयोग झाला त्यांना त्याची कल्पना नव्हती, आणि लोकांना बोचले ते हेच.

वर उल्लेखिलेली दीपलक्ष्मी येथे आठवते. तिनेही स्वतःची प्रतिमा उभी केली, स्वतःचे नाव कोरविले. लोकांनी आपल्याला पाहावे ही इच्छा मनुष्यास नवी नाही आणि तिला पाप म्हणण्याचेही कारण नाही. परंतु त्या मूर्तीच्या हातातील दिव्याचा उजेड देवाकडे जातो; तिचे रूप त्या उजेडात सहज दिसते इतकेच. ज्या दिव्याचा उजेड केवळ धरणाऱ्याच्या तोंडावर पडतो, त्याला सारखे तेल घालीत राहावे लागते.

एकच कुलूप, दोन घरे

या साधनांतील सर्वांत कठीण ओढाताण अशी आहे की, जे एका बाजूने रक्षण करते तेच दुसऱ्या बाजूने धोका होते. व्हॉट्सअॅपवरील संदेश पाठविणारा आणि घेणारा या दोघांवाचून तिसऱ्याला वाचता येऊ नये, अशी कुलुपाची योजना २०१६ साली पूर्ण झाली. तिने सज्जनांचे खाजगी बोलणे सुरक्षित झाले. त्याच कुलुपाआड अफवाही सुरक्षित झाली.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, गावोगाव भिक्षा मागून जगणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. ज्या भर्तृहरीचे नाव तिरुविडैमरुदूरच्या पश्चिमद्वारी घेतले जाते त्याच नाथपरंपरेची भिक्षेची झोळी घेऊन ते आले होते. त्यांच्यावर दगड उचलणाऱ्यांना ते कोण हे ठाऊक नव्हते, आणि संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण मुलांचे रक्षण करीत आहोत असेच वाटले असेल. हे या घटनेतील सर्वांत भयंकर अंग होय. वाईट हेतूवाचूनही येथे हत्या घडू शकते.

यावर उपाय काय? मूळ पाठविणारा शोधून काढता यावा, असा आग्रह शासनाने धरला. मद्रास उच्च न्यायालयापुढे २०१९ साली या प्रश्नाची बरीच चर्चा झाली, आणि २०२१ च्या केंद्रीय नियमांत तशी तरतूद आली. व्हॉट्सअॅपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. एकाचा माग काढण्यासाठी सर्वांच्या कुलुपाची किल्ली करावी लागेल, असे तिचे म्हणणे. दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे. एकीकडे मृतांच्या कुटुंबांना न्याय हवा. दुसरीकडे ज्या शासनाला आज चोर शोधण्यासाठी किल्ली दिली, ती उद्या टीकाकाराच्या घरालाही लागेल.

मात्र या दोहोंच्या मध्ये एक तिसरी वाटही निघाली. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच जुलै महिन्यात भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविण्यास बंदी करण्याचे व्हॉट्सअॅपने जाहीर केले. २०१९ च्या जानेवारीत ती मर्यादा जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशाला ती एकावर आणली गेली. यात कोणाचे पत्र उघडले नाही. केवळ वेग कमी केला. मनुष्याला विचार करण्यास अवधी मिळाला. ज्या साधनाचे सारे सामर्थ्य वेगात आहे, त्याच्याविषयीचा विवेक बहुधा विरामात असतो, हे या उदाहरणावरून दिसते.

फेकलेले पात्र

इतके ऐकल्यावर कोणास वाटेल की हे साधनच टाकावे. भद्रगिरीलाही तसेच वाटले. पण त्याच्या हातून पात्र सुटले तेव्हा मेले कोण? ज्याचा काही अपराध नव्हता असा मुका जीव. तिरुविडैमरुदूरच्या शेजारीच तिरुभुवनम् हे रेशमी साड्यांच्या विणकामासाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. पूर्वी दूरच्या ग्राहकापर्यंत आपले नाव नेणे हे मोठ्या भांडवलाच्या दुकानदारासच साधे. आज एखादा विणकर थोड्या पैशांत आपल्या मागावरील साडीचे चित्र पुणे-मुंबईच्या गिऱ्हाइकापुढे ठेवू शकतो. त्यात मधला दलाल काही प्रमाणात दूर होतो. नेमकी जाहिरात ज्याला लागते तो पुष्कळदा लहान व्यापारी असतो. पैसे देऊन वर्तमानपत्र अथवा ज्ञान घेणे ज्याला परवडत नाही, त्याला जाहिरातीच्या पैशावर चालणारी सेवाच आधार असते. सर्व सेवा सशुल्क केल्यास श्रीमंताचे लक्ष वाचेल आणि गरिबाचे दार बंद होईल.

याच्या उलट, गरिबाच्या नावाने वाटेल ते स्वीकारावे असेही नाही. काही मोजकीच संकेतस्थळे विनामूल्य दाखविण्याची ‘फ्री बेसिक्स’ ही फेसबुकची योजना भारतात आली, तेव्हा तिच्यावर मोठा वाद झाला. कोणते संकेतस्थळ स्वस्त आणि कोणते महाग हे सेवा देणाऱ्याने ठरवू नये, असा निर्णय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०१६ मध्ये दिला आणि ती योजना येथे बंद पडली. भिक्षा देणाऱ्याने पात्रही आपलेच दिले आणि त्यात आपलेच अन्न घेण्याची अट घातली, तर ती भिक्षा राहत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात शरीरक्लेशाच्या भयाने केलेल्या त्यागाला राजस म्हटले आहे आणि त्याला त्यागाचे फळ नाही असे सांगितले आहे. तिसऱ्या अध्यायात, बाहेरून इंद्रिये आवरून मनाने विषयच घोळीत बसणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. मोबाइल कपाटात ठेवून दिवसभर त्यात काय आले असेल याचाच विचार करणारा या वर्णनात बसतो.

मर्यादेचे तीन बांध

सहाव्या अध्यायातील युक्त आहारविहाराचा विचार येथे लागू पडतो. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. प्रश्न मापाचा आहे. आणि हे माप तीन ठिकाणी ठरावे लागते.

पहिला बांध कायद्याचा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील बंधने टप्प्याटप्प्याने लागू करण्याची योजना आहे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यास या कायद्याने मनाई केली आहे. जेथे एक व्यक्ती आणि एक महाकाय कंपनी समोरासमोर असतात, तेथे केवळ व्यक्तीच्या संयमावर सर्व भार टाकणे अन्यायाचे होईल; म्हणून हा बांध आवश्यक आहे.

दुसरा बांध समाजाचा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून एक नियम केला. रोज सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद होतात. ८॥ वाजता पुन्हा भोंगा होतो. करोनाच्या काळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती गेलेला मोबाइल सुटेना, हे त्याचे कारण. या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, घरच्यांनी परस्परांशी बोलावे, ही अपेक्षा. यात विशेष असे की सर्वांनी एकाच वेळी साधन ठेवल्यामुळे कोणी एकटा पडत नाही. एकट्या मुलाचा मोबाइल काढून घेतला तर त्याला शिक्षा वाटते. साऱ्या गावाचा बंद झाला तर ती रीत होते. त्याच वर्षी डिसेंबरात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठाने तमिळनाडूतील देवालयांत मोबाइल नेण्यास बंदी करण्याचा आदेश दिला. मोबाइल दाराशी ठेवून आत जाणे हे पादत्राणे काढून जाण्यासारखेच झाले. पादत्राणे वाईट म्हणून कोणी काढीत नाही. आत त्यांचे काम नाही म्हणून काढतात.

तिसरा बांध स्वतःचा. साधन उघडण्यापूर्वी कामाचे नाव मनात घ्यावे आणि काम होताच बंद करावे. बाहेरचे दार आधी ठरविणे ते हेच. वारंवार वाजणाऱ्या सूचनांपैकी मनुष्याने पाठविलेल्या तेवढ्या राखून यंत्राने पाठविलेल्या बंद कराव्यात. आपल्या आवडीनिवडीवरून जाहिराती न दाखविण्याची सोय जेथे दिली असेल तेथे ती शोधून वापरावी. खात्री नसलेला संदेश कितीही हिताचा वाटला तरी पुढे पाठवू नये. राईनपाड्याचे स्मरण ठेवावे. आणि ज्या वर्तमानपत्राचा, ज्या ज्ञानाचा खरोखर उपयोग होतो, त्याचे मूल्य शक्य असल्यास उघड द्यावे.

शंका आणि समाधान

शंका: ज्याला लपविण्यासारखे काही नाही, त्याने या उष्ट्याची चिंता का करावी?
समाधान: कारण त्याचा उपयोग गुपित फोडण्यासाठी फारसा होत नाही; मन वळविण्यासाठी होतो. सज्जनाचेही मन वळविता येते. किंबहुना त्याची दया, भीती आणि श्रद्धा यांचाच आधार घेऊन ते अधिक सहज वळते.

शंका: जाहिरात पूर्वीही होती. मग आताच एवढा विचार कशाला?
समाधान: पूर्वीची जाहिरात सर्वांसमोर असे, ती खोटी असली तर शेजारी तिला खोटी म्हणू शके. आता प्रत्येकाला निराळी जाहिरात दिसते. एकाला काय दाखविले हे दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून समाजाची लाज तिला आवर घालू शकत नाही.

शंका: लक्ष ही लहानशी गोष्ट. तिच्या बदल्यात एवढ्या सोयी मिळत असतील तर तोटा काय?
समाधान: धन गेले तर पुन्हा मिळविता येते, वेळ आणि लक्ष परत मिळत नाहीत. मन जेथे जेथे भटकेल तेथून तेथून परत आणावे, ही सहाव्या अध्यायातील शिकवण ज्याला आचरावयाची आहे, त्याचे सारे भांडवल लक्ष हेच आहे. ते विकू नये असे नाही. पण न मोजता विकू नये.

पट्टिनत्तारांनी शिष्याला ‘संसारी’ म्हटले, ते पात्र फेकून द्यावे म्हणूनच, असे मानण्याचे कारण नाही. हाती काय आहे आणि त्यामागे कोण येऊन बसले आहे, हे त्याने पाहावे एवढ्यासाठीही तो शब्द पुरेसा होता. त्याने पाहण्याआधीच फेकले. आजच्या मनुष्याच्या हाती तेच पात्र आहे, आणि पाहण्यास अद्याप अवकाश आहे.

मननासाठी

१. आपण दिवसातून किती वेळा कामावाचून साधन उघडतो, हे एक दिवस मोजून पाहावे.
२. गेल्या महिन्यात घेतलेल्या वस्तूंपैकी आधी गरज कोणत्यांची होती, आणि आधी जाहिरात कोणत्यांची दिसली?
३. घरात अथवा गल्लीत सर्वांनी मिळून पाळता येईल असा कोणता एक तास ठरविता येईल?
४. ज्या सेवेला पैसे पडत नाहीत तिची किंमत कोण देतो, हे घरातील मुलांना समजेल अशा शब्दांत सांगता येते का?